दगूनानांचा पदर

सकाळी सात वाजता आमच्या शेजारचे दगूनाना अंगणात यायचे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बंडी आणि लेंगा, खांद्यावरून बायकोच्या जुन्या पातळाचा पदर सोडलेला आणि हातात वॉकर. पाय ठणठणीत असलेला सत्तरीचा माणूस वॉकर टेकत मुंगीच्या चालीने गेटपासून पायरीपर्यंत जायचा आणि परत यायचा. पहिल्या दिवशी दूधवाला बघत राहिला आणि आमची पिशवी न देताच पुढे गेला.

नानांचं डोकं फिरलं का, असं मला गल्लीतल्या चौघींनी विचारलं. मी सांगितलं, डोकं पहिल्यापासून तसंच आहे, पदर तेवढा नवीन आहे.

नाना तीस वर्षं पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरांची रांग, मागे व्यापाऱ्यांचा घोळका आणि सगळ्यात पुढे हे ओरडणार. एक वार, दोन वार, तीन वार, की माल गेला. नोकरी संपल्यावर नाशकात मखमलाबाद रोडला घर बांधलं, पण गळा बाजारातलाच राहिला. घरातही सगळं तीनदा. चहा हवा असला की बायकोला, सुमनला, तीन हाका. पहिल्या दोन हाका सुमनने कधी मोजल्याच नाहीत, तिसरीला उठायची. नानांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. "तीनदा बोललं की पक्कं," असं ते म्हणायचे. कोथिंबिरीची जुडी मागितली तर पलीकडच्या गल्लीतला गाडीवाला धावत यायचा. त्यांची लेक मंगल फोन हातभर लांब धरून बापाशी बोलते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्या कुत्रीचं नाव गोल्टी. बाजारात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात. आणली तेव्हा मुठीत मावायची, आता वासराएवढी आहे. स्वभावाने वाईट नाही, पण माणूस दिसलं की आनंदाने वेडी होते आणि पुढचे पाय थेट छातीवर ठेवते. दिवाळीनंतर एकदा सुमन देवळातून आली. वाऱ्याने पदर उडाला, गोल्टीने झेप घेऊन तो धरला आणि सुमन पायरीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं आणि मंगल आईला पिंपळगावला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना बापाला म्हणाली, कुत्री देवळा गावी मामाच्या मळ्यात पाठवा. सुमन गाडीत आडवी होती, तिथूनच म्हणाली, कुत्री गेली तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. शेवटी मंगलने सांगितलं, तीन महिन्यांनी आईला आणून बघते. कुत्रीने अंगावर उडी घेतली तर गेटातूनच परत नेईन आणि मग तिकडेच ठेवीन. आता कुत्री शहाणी होणं हा एकच रस्ता उरला.

नाना वरवर बेफिकीर होते. "तिकडं बरी हाय ती. मला काय, भाकरी थापता येती," म्हणाले. ती भाकरी मी पाहिली आहे. गोल्टीसुद्धा आधी पायाने उलटून बघायची.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नाना लिलावातच वाढलेले, त्यामुळे बस म्हणायचं तेही त्याच चालीवर. बस एक वार, बस दोन वार, बस तीन वार. आवाज चढत जायचा तशी गोल्टीही चढत जायची. तिला वाटायचं, जत्रा भरली. ती अंगणभर फेऱ्या मारायची, टोपी पळवायची, सुमनसाठी घरी आणून ठेवलेल्या वॉकरच्या पायाचं रबरी बूच तिने चावून खाल्लं. पंधरा दिवसांनी मात्र ती तिसऱ्या हाकेला क्षणभर बसली. नाना मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले.

"बघा आक्का, तीन वारला बसती."

"तुमच्या तिसऱ्या वारापर्यंत सुमन जमिनीवर असेल," मी म्हटलं.

त्यांचं तोंड उतरलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरं होतं तेच मी बोलले. पण मग सांगितलंही. माझ्या माहेरी सिन्नरकडे म्हशी होत्या. पहिलटकरीण म्हैस धारेला उभी राहत नसली की आई आधी घरातल्या माणसांना गप्प करायची, म्हशीला नंतर. जनावर तुमच्या अंगातला गोंधळ उचलतं. मी नानांना म्हटलं, कुत्री उधळलेली नाही, तुम्ही उधळलेले आहात. आधी तिला अर्धा तास मोकळ्या प्लॉटवर फिरवा, हुंगू द्या, दम निघू द्या. मग घरामागे न्या, जिथून रस्ता दिसत नाही. शब्द एकच, एकदाच, हळू. बसली तर भाकरीचा तुकडा. उडी मारली तर पाठ करून उभं राहायचं, ओरडायचं नाही. आणि ती कंटाळायच्या आधी थांबायचं.

"एकदाच?" नानांनी विचारलं.

"एकदाच."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर वाट बघायची."

वाट बघणं नानांना फार जड गेलं. मी कुंपणापाशी लसूण सोलत बसायची आणि नजर ठेवायची. बस म्हणून झालं की दुसरी हाक त्यांच्या ओठापर्यंत यायची, गळ्याची गाठ वरखाली व्हायची. मी नुसतं खाकरायची. मग ते आवाज गिळायचे. असे दिवसाला वीस आवाज गिळत असतील. आठवड्याने एकदा ते कुंपणापाशी आले. म्हणाले, "गप राहिलं की घर लय मोठं होतं, आक्का."

मी लसणाच्या चार पाकळ्या जास्त सोलल्या.

गोल्टी हळूहळू थांबायला लागली. मग नानांनीच पदराची युक्ती काढली. ज्याने घात केला त्याचीच सवय करायची, म्हणाले. आधी पातळ नुसतं जमिनीवर टाकलं. गोल्टीने हुंगलं, बसली, तुकडा मिळाला. मग खांद्यावर घेतलं. मग वॉकर धरून चालायला लागले, आधी घरामागे आणि मग पुढच्या अंगणात, भाजीच्या गाड्या जातात तिथे. लोक हसायचे. एकाने विचारलं, नाना, बाळंतपण कधी. पूर्वी अशा माणसाला त्यांनी चौकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते गोल्टीकडे बघत राहिले, कारण तिचे कान उभे झाले होते.

तीन महिन्यांनी मंगल आईला घेऊन आली. मी माझ्या गेटात उभी होते. नानांनी पहाटेच गोल्टीला दोनदा फिरवून आणलं होतं. स्वतःचा दम मात्र निघालेला दिसत नव्हता, पायरीवर सारखे चढत-उतरत होते.

सुमन गाडीतून उतरली, वॉकर टेकला. गोल्टीने तिला पाहिलं आणि सगळं अंग हलायला लागलं.

"बस," नाना म्हणाले. मला जेमतेम ऐकू आलं.

गोल्टी बसली. शेपटीने अंगण झाडत होती, घशातून बारीक आवाज काढत होती, पण बसली. सुमन एक पाऊल, मग दुसरं, अशी यायला लागली. मध्यावर वारा आला आणि पदर उडाला. मंगलने पुढे हात केला. गोल्टीचं ढुंगण बोटभर उचललं गेलं. नानांचा गळा हलला, मी खाकरायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. त्यांनी आवाज गिळला. गोल्टी परत टेकली.

सुमन पायरीशी पोचली. नानांकडे बघून म्हणाली, "एवढे गप का? बरं नाही का तुम्हाला?"

"बरं हाय," नाना म्हणाले. मग पायरीवरून खाली आले, तिच्या कोपराखाली हात धरला आणि हळूच म्हणाले, "ये आत."

सुमन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटतं, ती उरलेल्या दोन हाकांची वाट बघत होती. त्या आल्या नाहीत. मग ती पायरी चढली.

मंगल पिशव्या घेऊन मागोमाग गेली. गोल्टी मात्र अंगणात तशीच बसून होती. तिला ऊठ म्हणायचं सगळेच विसरले होते. शेवटी मीच कुंपणावरून म्हटलं, "ऊठ गं बाई, झालं तुझं."