शेजारधर्म, कलम चौदा

मेलबर्न शहराच्या मध्यापासून पाच किलोमीटरच्या आत कोणत्या उपनगरात माणसाला सुखाने राहता येते, हे ठरवण्याचे काम लिनेट कार्मोडी करीत असे. तिथे स्वतः राहायला जाण्याचा ज्यांचा काडीमात्र विचार नाही, अशा लोकांसाठी ती हे ठरवी. 'स्ट्रूथर्स अँड लील' ही तिची कंपनी घरांत पैसा गुंतवणाऱ्यांना दरमहा एक अहवाल पाठवत असे. त्यातल्या राहणीमान विभागाची लिनेट प्रमुख होती. विभागात दुसरे कोणीही नव्हते.

कामाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. ट्रामचा थांबा किती पावलांवर आहे, कॉफी किती प्रकारांची मिळते, कुत्र्यांना हिवाळ्यात अंगरखे घालतात की नाही, अशा बावीस निकषांवर प्रत्येक उपनगराला दहापैकी गुण मिळत. पाव महाग असल्यास गुण वाढत. भाडेकरूला परवडतो का, हा निकष यादीत नव्हता. तो घालावा असे लिनेटने एकदा सुचवले होते, तेव्हा संचालक डेमियन स्ट्रूथर्स तिच्याकडे बराच वेळ काळजीने पाहत राहिला आणि म्हणाला, "तुला सुट्टीची गरज आहे का?"

लिनेट स्वतः हॉकर्टन उपनगरात, टॅलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या विटांच्या घरात अकरा वर्षे भाड्याने राहत होती. न्हाणीघराच्या छतावर बुरशीचा एक काळा डाग होता. तो दरवर्षी वाढे आणि अलीकडे हुबेहूब टास्मानियासारखा दिसू लागला होता. हीटर तीन हिवाळे बंद होता. घरमालक डॉ. हॅथरली हे पर्थमधले दंतवैद्य. घर त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पाहून घेतले होते आणि पुन्हा पडद्यावरही पाहिले नव्हते.

फेब्रुवारीत डेमियनने फर्मावले, "या महिन्यात हॉकर्टन घे. तू तिथलीच ना? जरा मनापासून येऊ दे."

लिनेटने मनापासून लिहिले. चूक झाली ती इथेच.

तिने शेजारच्या थानासिसबद्दल लिहिले. थानासिस एकतीस वर्षे त्याच भाड्याच्या घरात राहणारा, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला ग्रीक म्हातारा. अंगणभर त्याचे टोमॅटो असत आणि उन्हाळ्यात तो कुंपणावरून लिनेटला हाक मारी, "ए पोरी, भांडं आण!" शनिवारी तो फुटपाथवर खुर्च्या मांडून मित्रांशी सोंगट्या खेळे आणि हरला की ग्रीकमध्ये फाशांच्या आईबापांचा उद्धार करी. हे सगळे तिने लिहिले आणि शेवटी एक वाक्य घातले: 'इथे शेजारधर्म अजून जिवंत आहे.' लिहिताना तिचे डोळे भरून आले. हॉकर्टनला दहापैकी नऊ पूर्णांक चार गुण मिळाले. अहवाल चाळीस हजार गुंतवणूकदारांना गेला.

त्या चाळीस हजारांत पर्थचे एक दंतवैद्य होते.

मार्चमध्ये लिनेटला भाडेवाढीची नोटीस आली. भाडे जवळजवळ दीडपट झाले होते. कारणाच्या रकान्यात तिचाच परिच्छेद, तिच्याच स्वल्पविरामांसकट, उतरवलेला होता. तिने घरमालकाच्या एजंटला, टॅश नावाच्या उत्साही मुलीला, फोन केला.

"टॅश, अगं हीटर तीन हिवाळे बंद आहे!"

"हो, नोंद आहे माझ्याकडे," टॅश गोड आवाजात म्हणाली. "पण अहवालात म्हटलंय ना, तुमच्याकडे शेजाऱ्यांची ऊब आहे म्हणून?"

"ती ऊब अंगाला लागत नाही गं!"

"मग तसं लेखी कळवा. शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार असेल तर वेगळा फॉर्म आहे."

लिनेट भाडे लवादाकडे गेली. सुनावणी दोन महिन्यांनी लागली, तोवर वाढीव भाडे भरत राहायचे होते. सुनावणीला बसलेले गृहस्थ सौजन्यमूर्ती होते. त्यांनी बुरशीचा फोटो सरळ धरून पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "टास्मानियाच की! राजधानी होबार्ट कुठे येईल यात?" मग त्यांनी अहवाल पुढे ओढला.

"भाडेवाढ बाजाराला धरून आहे, असं या स्वतंत्र तज्ज्ञांचं मत दिसतंय."

"साहेब, ती तज्ज्ञ मीच आहे."

गृहस्थांनी चष्मा काढला. "म्हणजे हे मत तुमचंच?"

"हो."

"म्हणजे भाडेवाढ तुम्हाला मान्य आहे."

"अहो, मान्य कसली! मी फक्त लिहिलं!"

"बाई, तुमचं मत तुम्ही स्वतःच खोडून काढताय. त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागेल. आमच्या यादीत या भागाचे तज्ज्ञ..." त्यांनी यादीवरून बोट फिरवले. "एकच आहेत. लिनेट कार्मोडी."

अर्ज निकालात निघाला.

त्या संध्याकाळी लिनेटने दात-ओठ खात दुसरा अहवाल लिहिला. बुरशी लिहिली. गटाराचा वास, पोटमाळ्यावरचे उंदीर, न येणारी ट्राम आणि खिडक्यांची तावदाने हलवत जाणारे बंदराचे ट्रक लिहिले. हॉकर्टनमध्ये शहाण्या माणसाने पाऊल टाकू नये, असा शेवट केला. या उपनगराचा भाव एकदाचा पडावा आणि आपल्याला इथे सुखाने कुजत राहता यावे, एवढीच तिची इच्छा होती.

डेमियनने तो उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसला. "लिनेट, हे तर सोनं आहे!"

"उंदीर आहेत डेमियन. उंदीर!"

"अस्सल आहे! लोकांना तेच हवंय. अजून कोणाचा हात न लागलेलं. आणि एवढं सगळं असून भाडेकरू अकरा-अकरा वर्षं टिकतात म्हणतेस? दुरुस्तीचा खर्च शून्य, आणि माणूस हलत नाही!" त्याने पेन काढून नऊ पूर्णांक चार खोडले आणि नऊ पूर्णांक आठ केले.

जूनमधल्या, ऐन हिवाळ्यातल्या एका शनिवारी टॅलो स्ट्रीटवर बस आली. तीसेक गुंतवणूकदार उतरले. गळ्यात ओळखपत्रे, हातात कॉफी. बुरशीपुढे त्यांनी पहिला फोटो लिनेटची परवानगी घेऊन काढला, पुढचे न घेता. मग सगळे थानासिसच्या कुंपणापाशी जमले. म्हातारा वाफे खणत होता. फिकट कोट घातलेल्या एका बाईंनी विचारले, "टोमॅटो कुठे आहेत?"

"जून आहे," थानासिस म्हणाला.

"अहवालात तसं काही म्हटलेलं नाही."

"टोमॅटोंनी वाचला नसेल."

बाईंना हे इतके आवडले की त्यांनी ते घरच विकत घेतले.

नव्या मालकीणबाई गुंतवणुकीबाबत अत्यंत काटेकोर होत्या. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती करारात असली पाहिजे, हा त्यांचा नियम. थानासिसला नवा करारनामा आला. भाडे दुप्पट. कलम चौदा: 'भाडेकरूने शेजाऱ्यांशी अहवालात वर्णिल्याप्रमाणे जिव्हाळ्याचे संबंध राखावेत. हंगामात आठवड्यातून किमान एकदा कुंपणावरून भाजी द्यावी व त्याचे छायाचित्र कार्यालयात सादर करावे. कसूर झाल्यास करारभंग समजण्यात येईल.' आता हेही घर सांभाळणाऱ्या टॅशला ही कल्पना फार पटली. पंधरवड्यात तेच कलम लिनेटच्याही करारात आले. फक्त 'द्यावी'च्या जागी 'हसतमुखाने स्वीकारावी' असे होते.

थानासिसने सही केली नाही. दुप्पट भाडे त्याच्या निवृत्तिवेतनात बसणारच नव्हते. त्याची मुलगी शहराच्या पार टोकाला, नव्या वसाहतीत राहत होती. तिथे त्याच्यासाठी गॅरेजला खिडकी पाडली गेली. ऑगस्टमध्ये टेम्पो आला. लिनेट सामान उचलायला गेली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात तिला राहवले नाही.

"थानासिस, तो अहवाल मी लिहिला होता."

"ठाऊक आहे. मुलीनं वाचून दाखवला." म्हातारा सोंगट्यांच्या पेटीला दोरी बांधत होता. "रडलो मी. एकतीस वर्षांत या गल्लीत माझ्याबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललं नव्हतं. शनिवारी मित्रांनाही वाचून दाखवला. स्टेलियोस तर जळून खाक झाला."

"मला माफ करा."

"माफ काय त्यात?" त्याने गाठ आवळली. "पण एक चूक केलीस पोरी. शेजारधर्म-बिर्म काही नव्हतं. टोमॅटो जास्त यायचे. सडण्यापेक्षा तुला दिलेले बरे."

लिनेट रडता रडता हसली. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिले आणि हळूच विचारले, "आणि तू अजून तिथेच काम करतेस?"

लिनेटने एक खोके उचलले. भाडे वाढले होते. नोकरी सोडणे तिला परवडणारे नव्हते.

थानासिसचे घर रंगवून पर्यटकांना दोन-दोन रात्रींसाठी देण्यात येऊ लागले. वाफ्यांवर पांढरी खडी पसरली. आता भाजी देणारे कुणीच उरले नाही. ऑक्टोबरच्या तपासणीत टॅशने लिनेटच्या नावापुढे फुली मारली.

"कलम चौदा. तीन महिन्यांत एकही जिव्हाळ्याचं छायाचित्र नाही."

"अगं, शेजारीच नाही मला! दर दोन दिवसांनी नवी माणसं बॅगा ओढत येतात!"

"म्हणजे संधी किती आहेत बघा," टॅश म्हणाली. "आम्हाला तर तुमच्याकडून जास्त अपेक्षा होती."

लिनेटने खरोखर प्रयत्न केला. पर्थहून आलेल्या एका जोडप्याला तिने कुंपणावरून दुकानातल्या टोमॅटोंची पिशवी देऊ केली. त्यांनी दार लावून पोलिसांना फोन केला. त्या प्रसंगाचे छायाचित्र मात्र निघाले, शेजारच्या कॅमेऱ्यातून, आणि ते कार्यालयात 'जिव्हाळ्याचा अतिरेक' या सदराखाली दाखल झाले. तीस दिवसांत घर रिकामे करण्याची नोटीस आली. डॉ. हॅथरलींनी जाता जाता बुरशीबद्दल तिची अनामत रक्कम कापून घेतली. छताचे नुकसान तिच्या श्वासांमुळे झाल्याचे त्यांना कळवण्यात आले होते.

लिनेट आता शहरापासून बऱ्याच अंतरावरच्या एका उपनगरात राहते. तिथल्या भाड्यात तिला श्वास घेता येतो. कामावर यायला दोन तास लागतात. डेमियनने तिला मोठ्या सहानुभूतीने विचारले होते, "कसं आहे गं तिकडे?" तिने "भिकार" असे एका शब्दात उत्तर दिले. त्याचे डोळे चमकलेले पाहताच ती घाईघाईने म्हणाली, "नाही, नाही, बरं आहे," आणि ते चमकतच राहिलेले पाहून गप्प बसली. तेव्हापासून ती त्या जागेबद्दल बरे-वाईट काहीच बोलत नाही.

तिची ही हकिकत मात्र शहरात बरीच पसरली आहे. जेवणाच्या टेबलांवर चांगली, सुशिक्षित, संवेदनशील माणसे ती एकमेकांना सांगतात. थानासिसच्या गॅरेजपाशी आल्यावर आवाज कापतात. काय हे दिवस, असे म्हणून माना हलवतात. मग शेवटी कुणीतरी, तुमच्यामाझ्यासारखेच कुणीतरी, सहज आठवल्यासारखे विचारते, "बरं, ती आता राहते ते उपनगर नक्की कुठलं म्हणालात?"