वानफाला लागलेली उत्तमोत्तम काडी

बायको घर सोडून गेली की माणसं तिला फोन करतात, निदान मेव्हणीला तरी करतात. वानफा देवळात नशिबाची काडी काढायला गेला.

त्या बिचाऱ्याला दुसरं काही येतच नव्हतं. जन्मभर तो प्रत्येक गोष्ट समुद्राच्या देवीला, माझूमातेला विचारून करत आला होता. घरच्या देव्हाऱ्यापाशी लाकडाचे दोन अर्धचंद्री कौल कायम तयार असत. ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर 'हो', दोन्ही पालथे पडले तर 'नाही', आणि दोन्ही उताणे पडले तर देवी नुसती हसते आहे असं समजायचं. पंखेदुरुस्तीचं दुकान घरातच काढावं का, भिंतीला हिरवा रंग द्यावा का, दुखरी दाढ उपटावी का, सगळं कौलावर चाले. बायकोच्या, म्हणजे बीश्याच्या, बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा जावं की नाही हेही त्याने कौल लावूनच ठरवलं. 'नाही' आलं. बीश्या एकटीच पिशवी भरून चिआयीला बहिणीकडे गेली, आणि लग्न होऊन पाहुणे पांगले तरी लुगांगला घरी परतली नाही. निघताना दारात थांबून ती एवढंच म्हणाली, "देवीला इतकं विचारता. मला कधी काही विचारलंत?"

घर त्याला खायला उठलं. भात करपायचा, मोजे सापडायचे नाहीत, आणि पंख्यांची इतकी घरघर असूनही घरात आवाज म्हणून नव्हता. त्याला ती हवी होती. अगदी भांडायला का होईना, पण हवी होती.

देवळात त्याने गुडघे टेकले, स्वतःचं नाव आणि पत्ता सांगितला, बीश्या परत येईल का ते विचारलं आणि काडी उपसली. हीच काडी ना, म्हणून कौल टाकले. लागोपाठ तीनदा 'हो' आलं. काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी कपाटाच्या खणातून काढली, तर वर लिहिलेलं, 'उत्तमोत्तम'. खाली चार ओळी होत्या: ढग विरतील, चंद्र दिसेल, दार लावून निवांत बैस, गेलेलं माणूस आपल्या पायांनी परत येईल.

चिठ्ठ्यांचा अर्थ सांगणाऱ्या चुआंगकाकांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. "नशीब काढलंस बाबा," ते म्हणाले. "आता स्वतःहून काही करायला जाऊ नकोस. हातपाय हलवलेस की सगळं फिसकटलं म्हणून समज."

वानफा हवेत तरंगतच बाहेर पडला. बीश्याला कालवांची धिरडी आवडतात, ती येईल तेव्हा घरात हवीत, म्हणून त्याने बाजारातून शिंपल्यांसकट बादलीभर कालवं घेतली. मग घरी येऊन दुकानाचं शटर खाली ओढलं आणि खुर्चीत निवांत बसला.

निवांत बसणं हे किती कष्टाचं काम आहे ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पंखे न्यायला गिऱ्हाइकं आली, शटर बडवून गेली. फोन वाजला, पुन्हा वाजला. फोन उचलणं हे हातपाय हलवण्यात मोडतं की नाही याचा विचार होईपर्यंत तो वाजायचा थांबला. तिसऱ्या दिवशी कालवांना वास सुटला. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली. सगळी आळी पिशव्या घेऊन धावली. वानफाने बादलीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि बसून राहिला. नेमका तो बाहेर असताना बीश्या आली तर? गाडी रोज येई, रोज जाई. वास मात्र मुक्कामाला राहिला.

शेजारच्या ल्याओमावशींनी हाका मारल्या, शटर ठोकलं, नाक शटरच्या फटीला लावलं आणि तसंच मागे घेतलं. मग घरी जाऊन त्यांनी चिआयीला फोन लावला. "पोरी, मन घट्ट कर," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शटरबाहेर रडण्याचा आवाज आला. वानफाने कान टवकारले. बीश्याचाच आवाज! आली, आपल्या पायांनी आली! त्याने भराभर केस विंचरले आणि शेवटच्या क्षणी काही चुकू नये म्हणून खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून, होता होईल तेवढा निवांत बसला.

बीश्याच्या किल्लीने शटर वर गेलं. वासाचा लोट बाहेर आला, आणि पाठोपाठ बीश्याची किंकाळी. तिने धावत येऊन त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. "अहो, मी उगाच गेले हो," ती हुंदके देत म्हणाली.

इतकं गोड ती उभ्या आयुष्यात त्याच्याशी बोलली नव्हती. वानफाने डोळे उघडले. "आलीस?" त्याने विचारलं.

ल्याओमावशी दारातच मटकन खाली बसल्या. बीश्याने आधी त्याला घट्ट धरलं आणि मग हाताला लागली ती फडक्याची गुंडाळी घेऊन बडवलं.

"दोनदा फोन केला मी. का नाही उचललात?"

वानफाने चिठ्ठी पुढे केली. तिने ती सावकाश वाचली. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटत गेलेलं त्याला स्पष्ट दिसलं.

"परत येईल म्हटलंय. आले," ती म्हणाली. "राहील असं कुठं लिहिलंय?"

बाहेर कचऱ्याची गाडी वाजत होती. बीश्याने बादली उचलली, गाडीत रिकामी केली, हात धुतले आणि पिशवी खांद्याला लावून बसथांब्याकडे चालू लागली.

"अरे ऊठ की, मेल्या," ल्याओमावशी म्हणाल्या.

उठायचं तर त्यालाही होतं. जीव तुटत होता. पण चिठ्ठीचा अंमल संपला की नाही हे कळायला नको? त्याने खुर्चीतूनच वाकून कौल टाकले. देवी हसली. पुन्हा टाकले. 'नाही'. तिसऱ्यांदा 'हो' आलं तेव्हा तो अनवाणी धावला, आणि त्याने बसची पाठ पाहिली.

सकाळी चुआंगकाका स्वतः घरी आले. सगळ्या आळीने बीश्याला येताना पाहिलं होतं. काडी शब्दशः खरी ठरली होती. मातेचे आभार मानायला हवेत, नाहीतर बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वानफाने संत्री आणि अननस घेतले, देवळात जाऊन मांडले आणि गुडघे टेकले.

"काय म्हणू?" त्याने चुआंगकाकांना विचारलं.

"मागितलं ते मिळालं, असं म्हण."

वानफाने मांडलेली संत्री सरळ केली, पुन्हा सरळ केली. मागे रांग वाढत चालली. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "मागितलं ते मिळालं," आणि तिथेच ढसाढसा रडू लागला.

मागच्या बाईला भरून आलं. तिने हात जोडले आणि चुआंगकाकांना हळूच विचारलं, "यांना कितव्या नंबरची काडी लागली होती हो?"