सासऱ्यांच्या इंजिनाची अंघोळ

"इंजिनाचा गंज काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ," असं मास्तरांनी बायकोला छाती ठोकून सांगितलं. हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. कुणी विचारो न विचारो, जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायला बसतात, म्हणून धक्क्यावर पडलेलं नाव.

त्यांची प्रवासी लाँच खरं तर सासऱ्यांची. तीस वर्षं चालवून म्हाताऱ्याने ती जावयाच्या हाती दिली, पण कागद स्वतःपाशी ठेवले. वर्षभर इंजिन नीट सांभाळलं तर लाँच नावावर, नाहीतर विकून मोकळे होणार! आपल्या इंजिनातून कधी थेंब गळला नाही, हे तर ते रोज ऐकवायचे. रविवारी वर्ष भरणार होतं आणि गुरुवारी इंजिन तापायला लागलं.

इंजिन गार ठेवायला पाणी फिरतं, त्या नळ्या गंजाने चोंदल्या होत्या. लिंबाचं सत पाण्यात कालवून तासभर फिरवा, मूठभर पुरे, असं मेकॅनिक म्हणाला. पण सासऱ्यांसमोर मिरवायचं तर मूठभराने कसं भागणार? मास्तरांनी अख्खी पिशवी ओतली आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मोठी नळी आतून फसफसायला लागली, तेव्हा गंज कसा रडतो हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. शनिवारी चहासारखं पाणी काढून टाकलं आणि वरून झकास हिरवा रंग फासला.

रविवारी सासरे कागदांची पिशवी घेऊन इंजिनाशेजारीच बसले. मास्तरांनी ऐटीत इंजिन सुरू केलं. मोठ्या नळीतून एक धार उडाली, मग दुसरी, मग तिसरी. मास्तरांनी दोन्ही तळवे दाबले, गुडघा लावला, टाच लावली. पण धारा पाच आणि हातपाय चार! पाचवी धार सासऱ्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. शेवटी बायकोनेच इंजिन बंद केलं.

लाँच गेली हातची, या विचाराने मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. "बाबा, मी फक्त गंज काढला हो."

सासऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून नळी चाचपली. "गंज गेला ते बरंच झालं. पण भोकांत भरलेली माझी लांबी कुठं गेली?"

"कसली लांबी?" बायको पुढे आली. "खिडकीच्या काचा बसवतात ती? म्हणजे आपल्या घरातली लांबी इथं यायची? बाबा, खिडक्या खुळखुळतात म्हणून आईने जन्मभर त्या सुताराला शिव्या घातल्या!"

म्हाताऱ्याने मुकाट्याने पिशवी उघडली आणि कागदांवर सही केली. आईला कळता कामा नये, एवढीच अट घातली.

नवी नळी यायला आठवडा लागणार होता आणि धक्क्यावर प्रवासी खोळंबले होते. मास्तर चाकू घेऊन पटकन घरी जाऊन आले. हल्ली त्यांच्याही खिडक्या खुळखुळतात, आणि वाऱ्याने काच का वाजते, हे ते पाहुण्यांना फार सविस्तर समजावून सांगतात.