डाव्या चाकाचं कडं

"दोन तासांचं काम! फार तर सव्वादोन," राजनरावांनी जाहीर केलं. तिलक नगरच्या त्या गल्लीत ज्यांना मराठी कळत नव्हतं, त्यांना हिंदीतूनही ऐकवलं.

काम होतं त्यांच्या लाल, दोनच आसनांच्या, जुन्यापुराण्या स्पोर्ट्स कारचं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर राजनराव सांगलीला परतले नाहीत, नोकरीच्या त्या हिंदी मुलखातच राहिले. ही गाडी सांगलीपर्यंत पोचणार नाही, अशी त्यांच्या पत्नीची, रमाबाईंची खात्री होती. गाडीत बसलं की इंजिनाबरोबर राजनरावांचं तोंडही सुरू व्हायचं. "ऐकलास आवाज? आता गिअर बघ हं!" पण गेल्या वर्षी मोती डुंगरीजवळ गाडी खड्ड्यात अशी आदळली, की रमाबाईंची पाठ धरली. महिनाभर पट्टा! "या गाडीत मी पुन्हा बसायची नाही," त्या म्हणाल्या, आणि बसल्या नाहीत. डावं आसन रिकामं राहिलं. राजनराव एकटेच फेरी मारून यायचे आणि त्यांना मनातून फार वाईट वाटायचं.

येत्या रविवारी लग्नाला पस्तीस वर्षं होत होती. त्या दिवशी रमाला शेजारी बसवून शहरातल्या सी-स्कीम भागात कुल्फी खायला न्यायचंच! पुढच्या दोन चाकांपाशी उभी नळकांडी असतात आणि त्यांच्या पोटात धक्के सोसणारे इन्सर्ट. जुने पार गेले होते. राजनरावांनी नवे मागवले.

गुरुवारी सकाळी गाडी फाटकातच जॅकवर चढली. दोन तास तर पहिला नट हलवण्यातच गेले! शेवटी शेजारच्या शेखावतजींनी पान्याला लांब पाइप लावून सगळं वजन टाकलं. नट सुटला, आणि शेखावतजी कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन बसले.

"लगी तो नहीं?"

"हमें नहीं, भाईसाहब. धनिये को लगी!"

नळकांड्यातलं काळं तेल धरायला राजनरावांनी हाताला लागलं ते भांडं घेतलं.

"अहो! ही माझ्या आईची अनारशांची कढई!"

"घासून देतो ना!"

"तुम्ही तिला आता हातसुद्धा लावायचा नाही!"

फाटक अडल्यामुळे रमाबाईंची स्कूटर आतच अडकली. दूधवाला भिंतीवरून दूध देऊ लागला. शनिवारी दुपारी एकदाचं सगळं जोडून झालं आणि राजनराव चाचणीला निघाले. डाव्या आसनावर ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या. "एक थेंब सांडला तर नाव बदलीन!"

कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर डावीकडून 'खडाक्' झालं आणि सगळं ताक राजनरावांच्या मांडीवर आलं.

पुन्हा जॅक. पुन्हा शेखावतजी. उजव्या इन्सर्टच्या तळाशी पोलादी कडं होतं. डाव्याखालचं घालायचंच राहिलं होतं. आता ते कुठेच सापडेना! त्याच्याशिवाय इन्सर्ट आत खुळखुळणार, आणि तेही नेमकं रमाच्या बाजूला! राजनरावांनी केराची टोपली उपसली. शेखावतजींनी उरलासुरला वाफाही उकरला.

"दिवेलागण झाली, नमस्काराला या," आतून हाक आली.

राजनराव पडल्या चेहऱ्याने देवघरात गेले. निरांजनाखाली कडं!

"ओट्यावर पडलं होतं," रमाबाई म्हणाल्या. "निरांजन डुगडुगत होतं, म्हणून खाली ठेवलं. हळदकुंकूही वाहिलंय."

रविवारी सकाळी ते कडं कुंकवासकट डाव्या नळकांड्यात गेलं.

"बसशील ना गं?" चार वाजता राजनरावांनी विचारलं. आवाज अगदीच बारीक निघाला. रमाबाई डाव्या आसनावर बसल्या.

कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. खडाक् नाही! राजनराव विजयाने वळले, तर रमाबाईंचे डोळे मिटलेले. तोंडापर्यंत आलेलं अख्खं भाषण त्यांनी गिळलं. पाठीमुळे वर्षभर तिला धड झोप नव्हती. सी-स्कीम आलं, पण थांबलं तर ती उठेल! कुल्फी गेली. पुढे शहराबाहेर जाणारा सीकर रस्ता लागला. ते हळूहळू चालवत राहिले, आणि अधूनमधून शेजारी बघून त्यांचं मन भरून येत होतं. चौमूं गावाच्या वेशीवर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. पेट्रोल संपलं होतं.

"चौमूं आलं वाटतं," डोळे न उघडताच रमाबाई म्हणाल्या.

"तू... जागी आहेस?"

"निघाल्यापासून!"

"अगं, मग बोलली का नाहीस? पाठ दुखत होती का?"

"पाठीचं लक्षातच आलं नाही." रमाबाईंनी डोळे उघडले आणि त्यांचा हात हातात घेतला. "पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही गाडीत दीड तास गप्प होतात. इतकं छान वाटत होतं! म्हटलं, ती शांतता कशाला मोडायची?"

राजनरावांनी तो हात थोपटला. मग त्यांना राहवेना.

"त्याचं काय आहे रमा, ते जे कडं आहे ना, त्याच्यामुळे इन्सर्ट..."

रमाबाईंनी ताबडतोब डोळे मिटले.