दोन विजांची एक पेटी

उमेळ्याच्या स्नेहदीप सोसायटीत पाण्याच्या पंपाची लोखंडी पेटी एक होती आणि तिला वीज पुरवणारे दोघे. एरवी 'अ' विंगच्या मीटरवरून मंडळाची वीज. भारनियमनात 'ब' विंगने वर्गणी काढून आणलेल्या जनरेटरची. पेटी दोन्ही विजांवर सारखाच झटका देई. तिने दुजाभाव केल्याची तक्रार कधी आली नाही.

झटका खाण्याचे काम तळमजल्यावरच्या मनोरमाताईंकडे होते. पंप चालू करायला त्यांना कुणी नेमले नव्हते. त्यांची खिडकी पेटीसमोर उघडे आणि त्यांना नाही म्हणता येत नसे, एवढी पात्रता पुरली. एका सकाळी झटक्याने त्या भिंतीवर आदळल्या, कोपर सुजले. सभा बोलावण्यात आली.

'ब' विंगचे लुईस डिमेलो विजेच्या यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. वीज कुठूनही येवो, पेटी एकच आहे. दोन्हीकडच्या अर्थिंगच्या तारा तिला कायमच्या जोडा आणि एकाच खड्ड्यात सोडा, म्हणजे पेटीत उतरलेली वीज हातात न येता जमिनीत जाईल, असे त्यांनी सांगितले. सभेने ते तत्त्वतः मान्य केले. तत्त्वतः मान्य झालेले करायचे नसते, हे नव्या सभासदांनाही माहीत होते.

शिवाय अर्थिंगचा खड्डा 'अ' विंगच्या बाजूला होता. सेक्रेटरी परेश सामंत शांतपणे म्हणाले, "लुईस अंकल, तुमच्या जनरेटरची वीज आमच्या जमिनीत का मुरवायची?"

"परेश, जमीन खाली एकच असते रे."

"खाली असेल. वर कंपाउंड आहे."

'ब' विंगने स्वाभिमानाने वेगळा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. आता तारा दोन झाल्या. पण तार पेटीला कायमची जोडायची म्हणजे पेटी आपली म्हणायची, आणि मग दुरुस्तीही आपली. सबब दोन्ही तारा चिमटे लावून पेटीशेजारी लोंबत्या ठेवाव्यात. मंडळाची वीज असताना 'अ'ची, जनरेटर चालू असताना 'ब'ची तार पेटीला लावावी, असे पुढच्या सभेत ठरले. कुणी, हे ठरवावे लागले नाही. सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिले.

मनोरमाताई उठल्या. "म्हणजे पेटीला हात लावता यावा म्हणून मी आधी पेटीला हात लावायचा?"

"क्षणभरच," सामंत म्हणाले.

"झटका कुणाचाही असू दे हो, हात माझाच आहे."

हे विधान कुठल्याच विंगचे नसल्याने इतिवृत्तात घेतले गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी उघडली नाही. दुपारपर्यंत टाक्या कोरड्या पडल्या आणि संध्याकाळी दोन्ही विंगांचे आयुष्यात प्रथमच एकमत झाले: मनोरमाताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा आणि झटका लागू नये म्हणून रबरी चपलांचा जोड द्यावा. भार समान पडावा म्हणून डावी चप्पल 'अ'ने आणली, उजवी 'ब'ने. मापाबाबत मात्र एकमत होऊ शकले नाही.

सत्कार घेतल्यावर नाही म्हणणे बरे दिसत नाही. सकाळी पंप सुरू झाला. पाणी वेळेवर आले, म्हणून खाली कुणी डोकावले नाही.

तुमच्याकडेही आज पाणी आलेच असेल. पंप कुणी चालू केला, नाव सांगता? बरे, नाव राहू द्या. चपलेचे माप?