शेणव्याचा वाघ

बाळासाठी गोधडी सांगितली होती त्या बाईचं उत्तर आलं का, हे शोधता शोधता योगिनी ॲपमधल्या मेसेज रिक्वेस्टच्या पार तळाशी पोचली. तिथे आणखी एक कप्पा निघाला, 'लपवलेल्या रिक्वेस्ट'. तो उघडला मात्र, तिने मांडीवरच्या भाविकला घट्ट धरलं.

त्यांच्याच गावाचं नाव लावून 'शेणव्याचा वाघ' म्हणवणारं कुणीतरी महिनाभर तिला लिहीत होतं. फोटोत नुसते दोन डोळे, भोवती गुलाल. 'पाळणा खिडकीजवळ नको.' 'राती लय रडला. पोट शेका.' 'लाल टोपी भारी दिसते.'

टोपी तर तिने परवाच घातली होती, तीही घरातल्या घरात.

तिने कसारा स्टेशनात ड्युटीवर असलेल्या नवऱ्याला, किशोरला फोन लावला.

"आपल्या बाळावर कुणीतरी नजर ठेवून आहे."

"ब्लॉक कर न् मोकळी हो."

"ब्लॉक केलं तर तो पुढे काय करणार ते कळणार कसं?"

"मग विचार त्यालाच."

"रिक्वेस्ट स्वीकारली तर मी वाचलं ते कळेल ना त्याला."

"योगिनी, गाडी येतेय माझी," किशोर म्हणाला. अशा वेळी त्याची गाडी नेमकी येत असे.

तिने पाळणा ओढून आतल्या भिंतीला लावला. संध्याकाळी कप्प्यात नवा मेसेज होता. 'पाळणा हलवला. बरं झालं. असंच ऐकत जा.'

तिने साऱ्या खिडक्या लावून घेतल्या. दूधवाला भाविकचं नाव घेऊन हसला, म्हणजे तो असणार. शेजारच्या वेणूने "बाळ दिसला नाय गो?" विचारलं, म्हणजे तीही सामील.

"पोराला भातासारखा वाफवतेस काय?" सासूबाई, धोंडीबाई, म्हणाल्या.

तासाभरात मेसेज आला. 'खिडकी उघडा. पोर उकडंल.'

संशयातून सुटले होते ते एकटे थोरले दीर, वाळूदादा. धाकट्या भावाच्या बायकोशी काही बोलायचं तर आईमार्फत, ही रीत त्यांनी लग्नापासून मोडली नव्हती. दिवसभर ते अंगणात शर्यतीच्या बैलाला, सोन्याला, चोळत असत आणि योगिनी बाहेर आली की पाठ फिरवत.

शेवटी योगिनीने 'सायबर ताई' नावाचं नवं खातं उघडलं आणि वाघाला लिहिलं, 'लाल टोपीतल्या बाळावर डोळा ठेवतोस? नालायका, बेड्या घालते तुला.'

उत्तर नाही. म्हणजे गडी पोलिसांनाही भीत नव्हता.

दोन दिवसांनी तिने भातसानगरला आईकडे जायला पिशवी भरली. निघण्याआधी तिने कप्पा उघडून पाहिला. 'पिशवी भरली. पोराला घेऊन कुठं?'

बाळाला उराशी धरून ती ओटीवर धावली.

"जाशील गो, जाशील. आधी वाळूचं काम कर." धोंडीबाईंनी एक फोन पुढे केला. "कोण बाई त्याला बेड्या घालाय निघालीय. मेसेज लपून बसलेला, काल शर्यतवाल्यांनी काढून दाखवला. रातीपासून जेवला नाय तो. तू शिकलेली, बघ कोण ती सटवी."

फोनवर वरच खात्याचं नाव होतं, 'शेणव्याचा वाघ'. योगिनीने अंगणाकडे पाहिलं. वाळूदादांनी पाठ फिरवली. सोन्याने फिरवली नाही. गुलालातले तेच दोन डोळे रवंथ करत तिच्याकडे बघत होते.

"बैलाचं खातं हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "तुलाबी लिवतो त्याच्यातनं. थोरला दीर तोंडानं कसा बोलंल? मी घरातलं सांगायचं, त्यानं लिवायचं. पाळणा हलवलास तवा म्हणला, आये, ऐकते गो ती."

योगिनीने पायाने पिशवी हळूच दारामागे सरकवली. वाळूदादांच्या फोनातली सायबर ताई तिने पुसली, वर ब्लॉकही केली.

"वेडी असेल कुणीतरी, आई. आता नाही येणार म्हणावं."

मग फोन परत देऊन ती आत गेली. तिने खिडक्या उघडल्या आणि वाघाची रिक्वेस्ट स्वीकारली. लगेच मेसेज आला.

'उपकार झाले. पण एक इचारतो. त्या बाईला आपल्या पोराच्या टोपीचा रंग कसा म्हाईत? घरावर कुणाचा तरी डोळा हाय. खिडक्या लावा.'

योगिनी उठली आणि एकेक करून खिडक्या लावू लागली.