दारात कोंबलेला मफलर

गाडीच्या पत्र्यावर बोटानं टकटक केली की आत गाणं कसं वाजेल ते मी सांगतो, असं तो छातीठोकपणे म्हणायचा. गाड्यांना स्पीकर बसवण्याचं त्याचं दुकान होतं, आणि वीस वर्षांत त्यानं गिऱ्हाइकांची डोकी इतकी खाल्ली होती की सगळे त्याला कानसेन म्हणत. स्पीकर वाजत नाही, गाडी वाजते, हे त्याचं ब्रह्मवाक्य. मागं डिकी असलेली लांब गाडी म्हणजे दार लावलेली खोली, जाडा आवाज तिथंच कोंडून बसतो. आखूड, बिनडिकीची गाडी म्हणजे रांजण, आत पडलेला आवाज घुमत घुमत वर येतो. हे सगळं खरं होतं. धंद्यात खरं बोलणारी माणसंही घरात माती खातात.

त्याच्या वडिलांची गाडी आखूड होती. सतरा वर्षांची, दारांखाली गंजलेली. आई गेल्यापासून वडील रोज संध्याकाळी चहा झाला की त्या उभ्या गाडीत जाऊन बसत आणि मोबाइलमधलं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग गाडीच्या स्पीकरवर लावत. खरं तर ते आईचं रेकॉर्डिंग नव्हतंच. इंजिनाची घरघर मेकॅनिकला ऐकवायची म्हणून वडिलांनी गाडी चालवता चालवता केलं होतं. शेजारी बसलेली आई त्यात फुकटची आली. अहो, हळू. अहो, तो सायकलवाला. खिडकी लावा, मला वारा लागतो. एवढंच. आईचं कपाट नात्यातल्या बायकांनी पंधरा दिवसांत ‘आठवण म्हणून’ वाटून घेतलं होतं, चपलासुद्धा सोडल्या नव्हत्या. वडिलांच्या वाट्याला ही घरघर आली.

शेवटच्या मिनिटाला आई खालच्या आवाजात काहीतरी बोलायची. शब्द कळत नसत.

“माझ्याबद्दलच काहीतरी चांगलं म्हणते,” वडील सांगत. “तोंडावर कधी बोलली नाही ना, म्हणून पुटपुटते.”

कानसेनाला हे ऐकवेना. आईचा आवाज उशीखालून आल्यासारखा, आणि तोही त्याच्या सख्ख्या बापाच्या गाडीत! त्यानं आधी वडिलांना स्वतःच्या लांब गाडीत बसवलं. तिथं आवाज तिरप्या काचेवर आपटून थेट नाकावर यायचा. चार मिनिटांत वडील खाली उतरले. म्हणाले, ही काचेमागची बाई कोण आहे, आता टोकन नंबर पुकारेल असं वाटतंय.

दोष गाडीच्या आकाराचा, कानसेनानं निकाल दिला. तेव्हा आखूड गाडीच सुधारायची. बायको म्हणाली, “त्यांना ऐकू येतंय तेवढं पुरतंय. तू कशाला उकरतोस?” त्यानं तिलाही रांजण समजावला.

वडील दोन दिवस आत्याकडे गेले आणि गाडी दुकानात आली. त्यानं दारं उघडली, पत्र्याला आतून जाड डांबरी पट्टे चिकटवले, नवे स्पीकर घातले. आईच्या बाजूच्या दारात जुन्या स्पीकरपुढे लोकरीचं बोचकं निघालं. उंदराचा संसार असेल म्हणून त्यानं ते ओढून काढलं, आणि हाताशी आलंच आहे तर त्याला हातावरचा गोंद पुसला. मग दारावरचा. मग मागच्या दोन्ही दारांवरचा.

तिसऱ्या दिवशी वडील स्टिअरिंगमागे बसले, कानसेन आईच्या जागेवर. आवाज असा लख्ख, की आईच्या पिशवीची चेन ऐकू आली, तिचं घसा खाकरणं ऐकू आलं. ‘खिडकी लावा’ म्हटल्यावर वडिलांचा हात आपोआप काचेकडे गेला. कानसेनाची छाती फुगली.

मग शेवटचं मिनिट आलं.

“कुणालाही दाखवा हो गाडी, पण आपल्या पोराला हात लावू देऊ नका. चांगलं चाललेलंही बिघडवतो तो. आणि वर आपल्यालाच समजावतो.”

पुढं नुसती घरघर.

वडील हसले असते तर बरं झालं असतं. ते शेजारच्या दाराकडे बघत राहिले.

“इथं तिचा मफलर होता,” ते म्हणाले. “तो स्पीकर तिच्या कानाला टोचायचा. दाराच्या फाटक्या खणातून तिनंच कोंबला होता. वाटून घेणाऱ्यांना तेवढाच सापडला नव्हता.”

कानसेन दुकानात पळाला. मफलर चिंध्यांच्या डब्यात होता, काळा, गोंदानं पत्र्यासारखा कडक झालेला. मफलर हातात घेऊन तो परत आला, तेव्हा वडील फक्त म्हणाले, “पूर्वीसारखं कर.”

आयुष्यभर आवाज मोकळा करणारा माणूस दोन दिवस खपून आवाज बुजवत होता. पट्टे खरवडले, जुने स्पीकर लावले, मफलर घडी मोडत मोडत कोंबला. संध्याकाळी दोघं पुन्हा बसले. शेवटच्या मिनिटाला आई पुटपुटली.

“हां,” वडील समोर बघत म्हणाले. “आता नाही कळत काय म्हणते ते.”

कानसेनाला त्या गोंदाळ लोकरीतूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. वडिलांनाही येत असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून ते दहाव्या मिनिटालाच बंद करू लागले.

पुढं चालकाच्या बाजूचा स्पीकर खरखरायला लागला. कानसेन येता-जाता ऐकायचा. हात शिवशिवायचे.

पण गाडीला त्यानं हात लावला नाही. आईनं सांगितलं होतं.